साडेबारा लांब, साडेनऊ रुंद

चहा घ्या आधी. गार झाला तर मला बोल लावू नका. मी एकदा बोलायला लागले की थांबत नाही, आणि आज जी फजिती सांगणार आहे ना, ती मुळात झालीच त्या न थांबण्यापायी!

गावाचं नाव मात्र विचारायचं नाही. पारनेरच्या पुढं आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर तुमच्यातलं कुणीतरी उद्या तिथं जाऊन चौकशी करणार, "काय हो, ती विमानवाली बाई...?" आणि मग ते लोक जे हसत सुटतील, त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेलं बरं.

तर मी सावेडीत राहते आणि दात बनवते.

दचकलात? सगळेच दचकतात. छोटी लॅब आहे माझी. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, मी कवळ्या आणि कॅप करून देते. नगरमध्ये कितीतरी माणसं माझ्या दातांनी भाकरी खातात, माझ्या दातांनी फोटोत हसतात आणि माझ्याच दातांनी माझ्यामागं माझी निंदा करतात. चालायचंच.

आणि या कामातून वेळ उरला की मी लढाऊ विमानं बांधते.

आता तुम्ही असे बघू नका माझ्याकडं. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, तेव्हा कपाटात एक खोकं सोडून गेला होता. फेकायला म्हणून काढलं आणि उघडून बघते तर काय, प्लॅस्टिकचे नखाएवढे शेकडो तुकडे! वैमानिकाची खुर्ची हरभऱ्याएवढी, आणि त्या खुर्चीला पट्टे! मी म्हटलं, अगंबाई, हे तर माझंच काम! दाढेतला खड्डा कोरते तीच सुई, तोच चिमटा, तेच भिंग. बसले जोडायला. त्याला आता सहा वर्षं झाली. घरात पुस्तकांच्या कपाटात पुस्तकं उरली नाहीत, नुसती विमानं आहेत.

खऱ्या विमानाचा बहात्तरावा हिस्सा. आधी जोडायचं, मग घासायचं, मग रंगवायचं, मग हवाई दलाच्या चिन्हांच्या नखाएवढ्या चकत्या पाण्यात भिजवून पंखांवर चिकटवायच्या. आणि सगळं चकचकीत झालं की शेवटी मुद्दाम मळवायचं. हो! तेलाचे ओघळ, धुराची काजळी, पायलटच्या बुटांनी उडालेला रंग. त्याशिवाय खरं वाटत नाही.

आमचे हे गणिताचे मास्तर. ते म्हणतात, "अगं, एवढे कष्ट कशाला? आपला हॉलमधला पंखा बघ, कुणी काही न करता किती सुंदर मळलाय!"

मी लक्ष देत नाही.

तर त्या दिवसांत माझं नॅट पूर्ण होत आलं होतं. नॅट म्हणजे चिलट. आपल्या हवाई दलाकडं पूर्वी होतं हे विमान. आकारानं लहानखुरं, पण भलतं चपळ. सात महिने खपत होते मी त्याच्यावर. अशात एक दिवस कवळी पोचवायला सावेडीतल्याच एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले. त्यांनी विचारलं, "काय म्हणतंय तुमचं लढाऊ विमान?" आणि त्या आत निघून गेल्या.

बाहेर बाकावर एक गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, आणि एक गाल असा सुजलेला की जणू आत लिंबू धरलंय. नुकतीच दाढ काढलेली. तोंडात कापूस. अर्धा तास बोलायचं नाही, असं बजावलेलं.

पण 'लढाऊ विमान' ऐकून त्यांचे डोळे चमकले. त्यांनी हातानंच विमान उडवून दाखवलं आणि माझ्याकडं बोट केलं. तुम्ही?

"हो, मी बनवते," मी म्हटलं आणि शेजारी बसले.

मंडळी, तुम्हाला माझं दुःख माहीत नाही. सहा वर्षांत माझ्या या छंदाबद्दल कुणी पाच मिनिटं ऐकून घेतलेलं नाही. घरात विषय काढला की यांना पेपर तपासायचे आठवतात. मैत्रिणींना दूध उतू गेल्याचा वास येतो. आणि इथं एक माणूस माझ्याकडं डोळे विस्फारून बघतोय, मान डोलवतोय आणि मध्ये एकदाही बोलत नाही! मी वीस मिनिटं बोलले. पंखांबद्दल, रंगांबद्दल, काजळीबद्दल. त्यांना बोलता येत नव्हतं म्हणून ते ऐकत होते, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही!

"सध्या नॅट करतेय," मी म्हटलं.

तसे ते ताडकन उठले. काउंटरवरून कागद आणला, पेन आणलं आणि भराभरा लिहिलं: 'आमच्या गावचे नाना. नॅटवर फिटर होते.'

"काय सांगता!"

त्यांनी पुढं लिहिलं: 'कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणतात, नाना तिथं भाकऱ्या थापत होता. फोटो नाही. तिथं फोटोला बंदी होती.'

माझं काळीज हललं हो. एका माणसानं उमेदीची वर्षं विमानांवर घालवली आणि गाव म्हणतंय आचारी! मी भावनेच्या भरात म्हणून गेले, "मग मी माझं नॅट तुमच्या गावालाच देते! चौकात ठेवा. नानांच्या हस्ते!"

त्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं. दाढेमुळं की कौतुकामुळं, देव जाणे. त्यांनी लिहिलं: 'केवढं आहे?'

आणि मी, अगदी सहज, केसांवरून हात फिरवत म्हटलं, "लांबी साडेबारा, रुंदी साडेनऊ."

झालं.

इथं माझी बाजू समजून घ्या. आमच्या धंद्यात मिलिमीटरच्या वर काही नसतंच. सेंटीमीटर म्हणजे आमच्यासाठी क्रिकेटचं मैदान. साडेबारा म्हटलं की साडेबारा सेंटीमीटर, हे काय सांगायचं असतं? पण आमचे हे जन्मभर पोरांवर ओरडत आले, "उत्तरापुढं एकक लिहा! एकक!" आणि त्यांच्याच घरात ही शिकवणी पोचली नव्हती.

त्या गृहस्थांनी मला वाकून नमस्कार केला. वाकून! मला वाटलं, काय हा कलेचा आदर.

दोन दिवसांनी, दवाखान्यातून माझा नंबर मिळवून त्यांचा फोन आला. "म्याडम, मी बबनराव. दाढंवाला. सरपंच हाय मी गावचा."

"अरे वा! बोला ना."

"म्याडम, आमी चौथरा बांधायला घेतलाय."

मला वाटलं, लाकडाचा छोटासा स्टँड. केवढं हे प्रेम! "हो हो, चौथरा हवाच. त्याशिवाय शोभा नाही. आणि वरून काचेची पेटी करा, म्हणजे धूळ बसणार नाही."

पलीकडून बबनराव म्हणाले, "काचंची? लई मोठी हुईल, म्याडम. पत्र्याची शेड करतो."

पत्र्याची तर पत्र्याची. गावाकडची कलाकुसर वेगळी, मी म्हटलं मनात.

"आन् उतरवायला किती मानसं लागतील?"

मी हसले. "अहो, माणसं कशाला? मी आहे ना! एका हातानं ठेवीन. फक्त कुणाला हात लावू देऊ नका."

नंतर कळलं, त्या रात्रीपासून गावात मी मूळची पैलवान आहे अशी बातमी होती.

"बरं, मी टेम्पो पाठवतो."

फोन ठेवला आणि मी यांना सांगितलं, "बघा, मला न्यायला टेम्पो पाठवतायत."

यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "तुला न्यायला टेम्पो? का गं?"

"गावाकडं असतं तसं. मानाचं."

"मानाला माणूस गाडी पाठवतो. टेम्पो मालाला पाठवतात. तू नेमकं काय सांगितलंयस त्यांना?"

"तुम्हाला ना, माझं कौतुक बघवतच नाही!" मी म्हटलं. आणि विषय संपवला. आता वाटतं, तेव्हा विषय सुरू करायला हवा होता.

कार्यक्रम महिनाभरानं, रविवारी सकाळी होता. साडेसातला टेम्पो आमच्या बंगल्यासमोर उभा राहिला. मागं दोरखंडांची वेटोळी, लाकडी फळ्या आणि चार गोधड्या. ड्रायव्हर संतोष, पंचविशीतला, हाताला मोठाले घट्टे. मी जरीकाठाची साडी नेसून, हातात शेवयांचा स्टीलचा डबा घेऊन बाहेर आले. डब्यात कापूस, कापसावर नॅट.

"म्याडम, माल कुठं उचलायचा? गच्चीवर हाय का?"

"घेतलंय मी."

त्यानं डब्याकडं पाहिलं. "जेवान कशाला घेतलं? गावात पंगत हाय की."

"विमान आहे यात."

संतोष बराच वेळ डब्याकडं बघत राहिला. मग समजूतदारपणे म्हणाला, "सुटं करून आनलंय व्हय. आन् बाकीचं?"

"बाकीचं काय? पूर्ण आहे."

तो गाडीला चक्कर मारून आला, आमच्या गच्चीकडं एकदा मान वर करून बघितलं आणि गाडी सुरू केली. केडगाव मागं पडलं. पुणे रस्त्याला लागल्यावर त्यानं दोनदा कुणाला तरी फोन लावला, लागला नाही. सुप्याला वळलो तेव्हा त्याला राहवलं नाही.

"म्याडम, एक इचारू का?"

"विचार की."

"हे फुगतं का?"

"म्हणजे?"

"न्हाई म्हंजे, हवा भरली का मोठं हुतं आसलं काय? का पानी लावावं लागतं?"

मला त्या पोराची कीव आली. म्हटलं, बिचाऱ्याला स्केल मॉडेल म्हणजे काय ते माहीत नाही. आणि मी त्याला पारनेर येईपर्यंत समजावून सांगितलं. तो नुसता 'व्हय, व्हय' करत होता. पण त्याचा चेहरा असा होत गेला, जसा पेशंटला न सांगता रिपोर्ट वाचणाऱ्या माणसाचा होतो.

गावाच्या वेशीवर फलक होता. 'लढाऊ विमानाचे भव्य आगमन'. त्यावर माझा फोटो. माझं तोंड टेम्पोच्या दारापेक्षा मोठं. मी हरखले. मग हलगी ऐकू आली. मग लेझीम खेळणाऱ्या शाळेतल्या मुली दिसल्या. मग झेंडूच्या माळा घातलेला एक जेसीबी दिसला.

"हा जेसीबी कशाला रे?" मी विचारलं.

संतोष समोर बघत म्हणाला, "इमान उतरवायला."

आणि मग चौक आला आणि मला चौथरा दिसला.

मंडळी, काय सांगू! कमरेएवढा उंच. वर फरशी. चार लोखंडी खांब आणि खांबांवर पत्र्याची शेड. एका वेळी दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढा! त्याच्याभोवती अंगात बनियन, कमरेला उपरणी आवळलेले तालमीतले डझनभर गडी, खांद्यावर फडकी टाकून सज्ज. पाच बायका ओवाळायला ताटं घेऊन उभ्या. त्यातल्या एका ताटात माझी चार विमानं बसली असती.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं लख्ख उजेड पडला. साडेबारा. साडेनऊ. फूट!

मी दार उघडेना. बाहेर गाव टेम्पोच्या मागं धावलं, कुणीतरी फाळका पाडला, हलगी टिपेला गेली आणि एकदम थांबली.

आत चार गोधड्या.

एका म्हातारीचा आवाज आला, "इमान कुठंय गं बया? वाटंत उडून गेलं का काय?"

बबनराव माझ्या दाराशी आले. हसरे, फेटा बांधलेले. "म्याडम, उतरा की. आन् इमान दुसऱ्या गाडीत हाय का?"

मी खाली उतरले, त्यांना टेम्पोच्या आडोशाला घेतलं आणि डब्याचं झाकण काढलं. लाडू घ्यायला वाकावं तसे ते वाकले. बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ह्याचं मोठं कुठंय?"

"हेच मोठं," मी म्हटलं. "बबनराव, मी साडेबारा म्हणाले ते सेंटीमीटर होतं हो."

बबनरावांनी फेटा काढला. डोकं खाजवलं. "म्याडम, शेंटीमीटर? आमच्याकडं मिलिमीटरमधी फकस्त पाऊस मोजत्यात. आन् त्यो बी पडला तर!"

"मी परत जाते. सांगा, बाई आजारी पडली म्हणून."

"तुमी जाल वो. मी कुठं जाऊ?" मग त्यांनी चौथऱ्याकडं मान वळवली आणि आवाज खाली आणला. "माझं जाऊ द्या. नाना पहाटंपासून बसल्यात बगा तितं. म्हनत हुते, असली इमान तीस फुटी असतंय, हे निम्म्याहून ल्हान हाय, पर चालतंय. ज्यानं त्यानं बघितलं म्हंजे झालं."

चौथऱ्यावर मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ ताठ बसले होते. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. इस्त्रीचा निळा कोट, त्यावर दोन पदकं, डोळे टेम्पोकडं.

आता इथं मी तुम्हाला खरं सांगते. मला पळून जायचं होतं. सुप्याला जाणारी एसटी किती वाजता, हेही मी मनात मोजत होते. पण त्या माणसाची मान बघितली आणि लाज वाटली. गेली कितीतरी वर्षं ज्याला गाव आचारी म्हणतं, तो आज गावासमोर खरा ठरायला बसलाय, आणि मी त्याच्यासाठी शेवयांचा डबा घेऊन आलेय!

"मीच सांगते त्यांना," मी म्हटलं.

गर्दीनं वाट दिली. पायऱ्या चढले. साडीचा काठ पायात आला, पडता पडता वाचले, डबा मात्र सुटला नाही. नानांच्या समोर गुडघ्यावर बसले.

"नाना, मी चुकले. मी माप नीट सांगितलं नाही. माझं विमान एवढंच आहे. सगळ्या गावाची आणि तुमची मी फजिती केली."

नानांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग डब्यात. खिशातून चष्मा काढला. कापसावरून नॅट उचललं. कसं उचललं सांगू? पंखाला हात न लावता, पोटाखाली दोन बोटं घालून. माझ्या घरात सहा वर्षांत एकालाही असं उचलता आलेलं नाही!

तळहातावर ठेवून ते बघत राहिले. बबनरावांनी माइक त्यांच्या तोंडापुढं धरला.

"चिलटच हाय हे," नाना म्हणाले. आवाज सगळ्या चौकात घुमला. "खरं बी ल्हानच हुतं. बाकीच्या इमानांना शिडी लागायची. ह्याला न्हाई. भुईवर हुबं ऱ्हायचं आन् हात घालायचा. म्हनून तर आमाला आवडायचं."

मागून कुणीतरी ओरडलं, "आन् नाना, भाकऱ्या कुठं थापायचा त्ये बी दावा की!"

गर्दीत खसखस पिकली. मला तर तो माणूस शोधून त्याचे दात काढावेसे वाटले. फुकट!

नाना चिडले नाहीत. त्यांनी कोटाची बाही कोपरापर्यंत वर केली. हातावर जुना, लांबलचक भाजल्याचा डाग होता.

"ह्यो डाग तुमी समदे बघताय. तव्याचा चटका म्हनता. म्हना." मग त्यांनी माझ्या नॅटच्या शेपटीकडं करंगळी नेली. "हितं. ह्या नळीपाशी. इंजान गार व्हायच्या आदी हात घातला मी. दुस्मनाचं दुसरं इमान यायच्या आत हे परत उडवायचं हुतं. थांबायला टाइम न्हवता. मास निघालं, पर इमान येळंवर गेलं. आन् परत बी आलं."

कुणी हसलं नाही. मघाशी विमान उडून गेल्याची शंका काढणारी म्हातारी पहिल्यांदा पुढं आली, पायऱ्या चढली आणि म्हणाली, "बगू दे रं नाना, कुठं?"

आणि मग काय विचारता! एकेक करत सगळं गाव चौथऱ्यावर. त्या दोन बैलगाड्यांएवढ्या चौथऱ्याचा असा उपयोग झाला की रांगच्या रांग वर मावली! मी पर्समधलं भिंग काढून दिलं. नाना एकेकाला दाखवत होते, इथं तेल भरायचं, इथं गोळ्यांची पेटी, इथं पायलट पाय ठेवायचा. "ह्यो रंग उडालाय बगा, आसाच उडायचा." माझी काजळी, माझे ओघळ, सगळं त्यांनी गावाला समजावून सांगितलं. तालमीतले गडी उपरण्यानं हात पुसून, श्वास रोखून बघत होते. मी सात महिने ज्या ओघळांसाठी डोळे फोडले, ते पहिल्यांदाच कुणीतरी वाचत होतं! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मी डोळे पुसून, जरा सावरून, बबनरावांकडून माइक घेतला आणि म्हटलं, "मंडळी, विमान लहान असलं तरी यात एकही चूक नाही, हे मी छातीठोकपणे सांगते."

कशाला बोलले हो? कशाला?

नाना खाकरले. "पोरी, एक हाय."

"काय नाना?"

"चाकाची झाकनं. डावं उजवीकडं बसवलंयस, उजवं डावीकडं."

मी भिंग हिसकावून बघितलं. खोक्यातला जोडणीचा नकाशा आठवला. तुकडा सतरा आणि तुकडा अठरा. खरंच की! उलट!

"आसं इमान मी सोडलं आसतं," नाना माइकमध्ये शांतपणे म्हणाले, "तर मला खरंच भाकऱ्या थापायला पाठवलं आसतं."

चौक असा हसला की झाडावरचे पोपट उडाले. सगळ्यात मोठ्यानं तो मागचा भाकरीवाला हसला, आणि मग पुढं येऊन नानांच्या पाया पडला. मी? मी पण हसले. दुसरं काय करणार? पर्समधली दाढ कोरायची सुई काढली, चिमटा काढला आणि सगळ्या गावासमोर ती झाकणं काढून परत बसवली. नाना शेजारी उभे राहून सांगत होते, बबनराव माइकवरून वर्णन करत होते, "आता म्याडमनी डावं काढलंय... आता फुंकर मारलीय..." ओवाळायच्या बायकांनी शेवटी मलाही ओवाळलं, नानांनाही, आणि विमानाला तर अशा बेतानं की ज्योत जवळ जाऊ नये.

पंगतीत बबनराव माझ्या शेजारी बसले. शिरा खात खात म्हणाले, "ताई, समदं झ्याक झालं. पर चौथऱ्याचं काय करायचं? लगीन लागल्यावर मांडव रिकामा दिसतो तसा दिसतोय."

मी तोंड उघडायच्या आत नाना पलीकडून म्हणाले, "बांधू की साडेबारा फुटी. ल्हान हाय ना आता नमुन्याला. त्येवरनं माप घ्यायचं. ही पोरगी हाय, मी हाय, गावात वेल्डिंगवाला हाय."

आणि मी 'हो' म्हटलं! विचार न करता, तोंडात शिरा असताना!

घरी आल्यावर यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, एककावरून आता आठवडाभर ऐकावं लागणार. पण हे म्हणाले, "पुढच्या रविवारी मीही येतो. मापं मी तपासतो. तुझ्यावर सोडलं तर साडेबारा मैल होईल."

आता चार महिने झाले. दर रविवारी संतोष टेम्पो घेऊन येतो, आम्ही दोघं पुढं बसतो. चौकातल्या शेडमध्ये लोखंडी सांगाडा उभा राहिलाय, एका पंखाला पत्रा चढलाय. लहान नॅट नानांच्या घरी आहे, त्यांच्या देवघराशेजारी. माप हवं असलं की नाना ते स्वतः हातात घेऊन येतात, दुसऱ्या कुणाला देत नाहीत. भाकरीवाला रोज संध्याकाळी येऊन पत्रा घासतो. 'आचारी' हा शब्द गावात कुणी काढत नाही. 'नाना, हे आसं बसंल का?' असं विचारत तरणी पोरं त्यांच्याभोवती असतात, आणि नाना चार महिन्यांत दहा वर्षांनी लहान दिसायला लागलेत.

परवा तालुक्याहून एक साहेब बघायला आले. सांगाड्याभोवती फिरले, पंखावर टिचकी मारून बघितली, कौतुक केलं. मी तेव्हा चाकापाशी बसून बोल्ट आवळत होते, तोंडाला ग्रीस. साहेबांनी मला बघितलं आणि नानांना विचारलं, "या बाई कोण?"

मी पटकन उठले. पदर सारखा केला, केस मागं घेतले, चेहऱ्यावर नम्र भाव आणला. आता नाना सांगणार, नगरच्या प्रसिद्ध विमानतज्ज्ञ!

नानांनी मानसुद्धा वर केली नाही. पान्यानं बोल्ट पडताळून बघत ते म्हणाले, "हेल्पर हाय. हात बरा हाय तिचा. शिकंल हळूहळू."